कुंकवाचं झालं, संध्याकाळचं काय?

ग्रामसभेच्या सर्व सभासदांना, सरपंच अण्णांना आणि त्या दिवशी हात वर केलेल्या प्रत्येकाला,



पत्र उघडं लिहितेय, कारण पाकिटात घालून दिलेले अर्ज तुमच्या कपाटात गेले आणि तिथंच राहिले. आवक वहीत त्यांचे नंबर आहेत. मी कोण हे तुम्हाला माहीत आहे, माझं काय म्हणणं आहे हेही माहीत आहे. खाली नाव घालत नाही ते भीतीनं नव्हे. पोरांना शाळेत त्यावरून कुणी काही बोलू नये, एवढ्यासाठी.

२०२२ च्या १५ ऑगस्टची सभा आठवतेय ना? त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तो महिना. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे या प्रथेविरुद्ध मोहीम चालवत होते, ती हेरवाडनं मनावर घेतली. महिना संपायच्या आत सरकारचं परिपत्रक निघालं, की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हाच कित्ता गिरवावा. आपलं गाव मागं राहणार नाही असं तुम्ही म्हणालात. एकही हात खाली राहिला नाही. टाळ्या झाल्या.

मला पुढच्या खुर्चीत बसवलंत. नारळ, साडी, ओटी. अण्णांच्या मंडळींनी सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला कुंकू लावलं. फोटो पेपरात आला. तो घरात कुणी चिकटवला नाही, पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काचेत लावलाय, मी दाखल्याला आले की दिसतो.

पण अण्णा, त्या दिवशी तुम्ही फक्त कुंकवाचं बोलला नव्हता. बाकीचं आठवतंय का? माईक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, नुसत्या बांगड्या राखून काय होणार, या बायांच्या पोरांकडं गावानं बघितलं पाहिजे. वाचनालयाच्या खोलीत शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत अभ्यासिका चालवू. सामाईक विहिरींवर दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात एकट्या बाईची पाळी आधी लावू. वारसनोंदी राहिल्या असतील तर तलाठ्याला गावात बसवून करून घेऊ. पोरांची संध्याकाळ गावाची, असं तुमचं वाक्य होतं. मला ते पाठ आहे. तुम्हाला नसेल तर इतिवृत्त काढून बघा, ग्रामसेवकांनी लिहून घेतलं होतं.

मग झालं काय?

तुम्ही जे पाळलंत त्याला पाळलं म्हणते, खोटं बोलणार नाही. त्यानंतर गावात दोघी-तिघींवर हा प्रसंग आला, त्यांच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत. माझ्या वेळी फोडल्या होत्या. २०२१ चा मे, कोरोनाचे दिवस. ह्यांना शहरातल्या दवाखान्यातनं परस्पर स्मशानात नेलं, आम्हाला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. माणूस घरी आलाच नाही, तरी अंगणात रीत मात्र झाली, तोंडाला पदर बांधलेल्या बायकांनी केली. त्यातल्या काही तुमच्याच घरच्या. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही कुणी दुसरं सांगितलं नव्हतं. तेव्हा ठरावाचं मोल मला कळतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं येतं, मी जाते, वाण घेते.

पण बोलावणं येतं संध्याकाळी पाचला. धाकट्याला घेऊन गेले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, पोराला घरी ठेवून यायचं ना." घरी कुणापाशी?

तुम्हाला वाटतं, नवरा गेलेल्या बाईचं दुःख कपाळाशी असतं. पहिलं वर्ष असतं. पुढं ते घड्याळात जातं. मला विधवा म्हणून मान दिलात, मी दोन पोरांची एकटी आई आहे हे सोयीनं विसरलात. मानाचा खर्च एका साडीचा होता. दुसऱ्या गोष्टीला रोज कुणाचा तरी तास लागणार होता. म्हणून विसरलात का?

सकाळचं मी काही मागत नाही. सकाळ माझी मी रेटते. पहाटे शेण-घाण, धार, डेअरीचं संकलन बंद व्हायच्या आत किटली पोचवायची. पुस्तकावर अजून ह्यांचंच नाव आहे, सभासद बदलायलाही वारसाचा कागद लागतो म्हणे. परत आले की चपात्या, दोन डबे, धाकट्याची एक चप्पल कायम हरवलेली. थोरलीची एसटी फाट्यावर यायच्या आत तिला काढायची. मुलींना पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, त्याबद्दल सरकारचे खरंच आभार. एसटी वेळेवर यायची योजना अजून निघायची आहे.

माझं सगळं अडतं ते साडेचारनंतर.

शाळा सुटते तेव्हा मी रानात असते. आपल्या रानात नाहीतर रोजानं दुसऱ्याच्या. खुरपणीच्या टोळीत बाकीच्या बायका सहापर्यंत वाकलेल्या असताना मी कुठल्या तोंडानं साडेचारला कंबर सरळ करू? मालकानं तरी का सोडावं? म्हणजे साडेचारपासून माझं घर उघडं. धाकटा दुसरीत आहे. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला रस्ता. हंगामात त्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडून, डेक लावून उसाचे ट्रॅक्टर कसे पळतात हे तुम्हाला मी सांगायचं? ट्रॅक्टर तुमचेच आहेत.

घरी नवरा असला तरी तो काही पोरं सांभाळत बसत नाही, असं मला पारावरनं ऐकवलं गेलंय. बरोबर आहे. पण तो रानात असला की बाई घरी असते, आणि बाई रानात असली की म्हातारी घरी असते. एका घरात दोन-तीन मोठी माणसं असली की पोराकडं कुणाची ना कुणाची नजर असते, कुणी ठरवून बघत नसलं तरी. माझ्याकडं ती नजर नाही. आत्या, म्हणजे सासूबाई, थोरल्या भाऊजींकडं असतात, त्यांना आता उंबरा ओलांडवत नाही.

आणि रात्रीच्या पाण्याचं काय?

शेतीच्या लाइटचं वेळापत्रक तुम्हालाही तेच आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. २०२२ च्या सुरुवातीला कोल्हापुरात शेतकरी दिवसा दहा तास वीज द्या म्हणून ठाण मांडून बसले होते, तेव्हा आपल्या गावातनंही जीप भरून माणसं गेली. रात्री पाण्याला गेलं की साप असतो, थंडी असते, डुक्कर येतं, बिबट्या येतो, सगळं तुम्ही तिथं बोललात. सगळं खरं. पण रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या तुमच्यातल्या एकेकाच्या मागं घरात पोरांजवळ एक बाई झोपलेली असते, हे कुणी बोललं का?

माझ्या मागं कोण झोपतं?

उसाला पाणी द्यायचं तर पोरांना घरात ठेवून बाहेरनं कडी घालायची, नाहीतर बरोबर रानात न्यायचं. कडी घातली आणि आत काही झालं तर? नाही घातली आणि कुणी आलं तर? मी त्यांना नेते. मोटरच्या खोलीत पोत्यांवर निजवते आणि दारं मोडायला जाते. प्रत्येक वाफ्याला मागं वळून खोलीतला दिवा बघते. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणतात, पोरगं वर्गात पेंगतं, घरी लक्ष द्या.

दिवसाच्या आठवड्यात पाळी आधी देणं, यात कुणाचा पैसा जाणार होता? विहीर सामाईक, मोटर सामाईक, माझं रान सगळ्यात कमी, दोन तासांत भिजतं. तरी पहिली पाळी मोठ्या रानाची. का, तर "त्यांचं जास्त आहे." मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्याकडं काय, तुम्ही रात्रीचं घ्या, रात्री लाइटला दाब बरा असतो." अण्णा, हे उत्तर देणाऱ्यानं त्या दिवशी दोन्ही हात वर केले होते.

आजारी पडण्याचं एकदा बोलते आणि सोडून देते. एकट्या आईला ताप येतो तेव्हा त्या घरात चहा होत नाही. बिस्किटाचा पुडा फुटतो. मागच्या पावसाळ्यात मी पडून होते तेव्हा शेजारणीनं भाकरी पाठवली, ती मी विसरणार नाही. पण गाईची धार थांबत नाही, आणि आपली आई उठत नाही हे बघून धाकट्यानं जे तोंड केलं ते मला परत बघायचं नाही. त्याचा बाप असाच पडला होता आणि मग घरी आला नव्हता. त्याला ते आठवत असायचं कारण नाही, फार लहान होता. तरी.

आणखी एक, जे कुठल्या अर्जात लिहिता येत नाही. रागवायचं मीच आणि जवळ घ्यायचंही मीच. तुमच्या घरात एकानं ओरडायचं असतं आणि दुसऱ्यानं पदराआड घ्यायचं असतं. पोराला कळतं की आता कुणाकडं पळायचं. माझं पोरगं माझ्यापासनं पळून माझ्याकडंच येतं. तेव्हा रडायचं कुणी, हे आमच्या दोघांत ठरलेलं नसतं.

आता थोरलीचं.

तिचं तुम्ही फार कौतुक करता. डेअरीत, दळणाच्या गिरणीत, देवळात मला ऐकवता. पोरगी म्हणजे सोनं आहे, सगळं घर बघते, भावाला आईसारखी सांभाळते. ऐकून मी हसते. घरी जाईपर्यंत ते हसू टिकत नाही. बारा वर्षांच्या पोरीनं आईसारखं व्हावं, यात कौतुक कसलं? तुम्ही दिलेला शब्द ती फेडतेय. तुमच्या अभ्यासिकेचे तास ती भरून काढतेय. तुमच्या ठरावाची थकबाकी माझ्या पोरीच्या खात्यावर टाकलीय, आणि वर तिला सोनं म्हणता?

खो-खोच्या संघात होती ती. पळायला काटक, बापावर गेलीय. सराव शाळा सुटल्यावर असतो, पण सरावाला थांबली तर पाचची एसटी चुकते, मग सहाशिवाय गाडी नाही, आणि धाकटा एकटा. तिनं खेळ सोडला. मला सांगितलंसुद्धा नाही. तिच्या वर्गबाईंकडनं कळलं. विचारलं तर म्हणाली, "मला नव्हतंच आवडत."

अण्णा, पोरीला इतकं सफाईनं खोटं बोलायला मी शिकवलं नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं?

वाचनालयाची खोली तशीच आहे. जाता-येता दिसते. आत मंडळाच्या खुर्च्या, गणपतीचा मांडव, मागच्या निवडणुकीतले फ्लेक्स. पुस्तकांचं कपाट त्याच्या मागं. किल्ली कुणाकडं असते हे विचारायला गेले, तर एकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. म्हटलं असू दे. दोनदा आचारसंहिता आली, एकदा खोली गळत होती, एकदा शिकवायला कुणी मिळत नव्हतं. मी शिकवायला कुणी मागितलंच नव्हतं. बारावी झालेली एखादी सून तिथं बसली, पोरांना पाणी दिलं, अंधार पडेपर्यंत ओढ्याकडं जाऊ दिलं नाही, तरी मला पुष्कळ होतं.

पैसे नाहीत म्हणू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे मला ठाऊक नाही असं वाटलं का? त्यातनं काय झालं, तेही ठाऊक आहे. घागरी वाटल्या. मलाही मिळाली, पाण्याला वापरते. पुढच्या वर्षी शिलाईचं शिबिर झालं, दुपारी दोन ते पाच. रोजानं जाणारी बाई दोन ते पाच कुठं असते? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर झालेली असते. सह्या घ्यायला शिपाई घरोघर येतो, मी चुलीपुढनं उठून सही करते. माझ्या सहीवर ती सभा झालीय, अण्णा. तिच्यात काय ठरलं ते मला कुणी सांगेल का?

भाऊजी, आता तुमच्याशी बोलते. घरात बोलायचं ते गावापुढं बोलावं लागतंय. ठरावाला अनुमोदन तुमचं होतं, म्हणून.

सातबाऱ्यावर अजून ए.कु.मॅ. म्हणून तुमचं एकट्याचं नाव आहे, एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. मामंजी गेले तेव्हा ते लागलं, दोघा भावांत कधी वाटप झालं नाही. तेव्हा त्याची गरजही नव्हती, तुम्ही दोघं एका ताटात जेवत होता. पण ए.कु.मॅ. म्हणजे मालक नव्हे, तुमच्या भावाचा त्यात वाटा आहे, हे तलाठ्यानं तुमच्यासमोर सांगितलं. त्या वाट्याला मी, दोन्ही पोरं आणि आत्या सारख्याच वारस, हेही सांगितलं. पोरांची नावं अज्ञान म्हणून लागतात आणि अ.पा.क., अज्ञान पालनकर्ती, म्हणून आईचं. ही बाई जमीन विकून माहेरी जाईल, असं तुम्ही पारावर म्हणालात. अहो, अज्ञान मुलांच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. तुमच्या भीतीला कायद्यानंच कुलूप घातलंय. मग तुम्ही नक्की कशाला भिताय?

२०२५ मध्ये जिवंत सातबाऱ्याची मोहीम आली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. गावात शंभर नोंदी झाल्या म्हणून ग्रुपवर अभिनंदन झालं. तुमच्या भावाचं नाव सातबाऱ्यावर कधी आलंच नव्हतं, मग ते मयत म्हणून तरी निघणार कसं? मी तुमच्या दारात आले. तुम्ही चहा दिलात आणि म्हणालात, "पोरं मोठी होऊ दे, मग बघू." पोरं मोठी होईपर्यंतच तर मला जमीन लागणार आहे, भाऊजी. मोठी झाल्यावर त्यांचं ती बघतील.

ऊस माझ्या रात्रीच्या पाण्यावर वाढतो आणि कारखान्याला तुमच्या नावावर जातो. बिल तुमच्या खात्यावर येतं. तुम्ही बुडवत नाही, हेही गावापुढं सांगते. पण मला वह्या आणायच्या तरी तुमच्याकडं येऊन उभं राहावं लागतं आणि तुम्ही दोन मिनिटं उशिरा पैसे काढता. सोसायटीत मला पत नाही. अवकाळीची भरपाई आली तरी ती सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच. आत्या अजून सांगतात, १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं, तिथं त्या ट्रकात बसून गेल्या होत्या. पुढं लक्ष्मी मुक्ती आली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून शरद जोशी गावोगाव सांगत होते. मामंजी भाषणाला पुढच्या रांगेत असायचे. आत्यांच्या नावावर गुंठा लागला नाही. आपल्या घराची ही जुनीच सवय आहे, ठरावाला पुढं आणि तलाठ्याकडं मागं.

सरकारच्या पैशाचं लांबण लावत नाही, ते तुमच्या हातात नाही. संजय गांधी निराधारचे महिन्याला १५०० मिळतात, त्यासाठी घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला १७५० मध्ये आम्ही तिघं जगतो, असं सरकारी शिक्का मारून लिहून घ्यायचं. वर दर वर्षी हयातीचा दाखला. बालसंगोपनचे पोरामागे महिन्याला २२५० आहेत, २०२३ मध्ये ११०० वरनं वाढवले. आले की उधाऱ्या फिटतात, लांबले की परत होतात. तुमच्याकडं माझं मागणं एवढंच, की रोज बुडवून दाखल्याला आले तर ग्रामसेवक कधी भेटतील हे दारावर लिहून ठेवा. लिहिलेलं पाळा.

आणि वरच्या आळीतल्या तिचं काय? तुम्हाला ती ठाऊक आहे. नवरा पुण्याला गेला, तिथं दुसरा संसार थाटला, इकडं तीन पोरं. तिच्या घरात कुणी मेलं नाही म्हणून ती तुमच्या ठरावात बसत नाही. तिला साडी नाही, खुर्ची नाही. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला तेव्हा ती आठवडाभर फिरत होती. बाप वारलेला, नवरा फोन उचलत नाही, काडीमोड कागदावर नाही. तिची संध्याकाळ माझ्यासारखीच असते. उलट माझ्या पोरांना बाप नाही म्हणून लोक निदान हळहळतात. तिच्या पोरांना विचारतात, तुझा बाप कधी येणार रे? मोठी माणसं विचारतात हे. हसत.

ठराव करताना तिचा विचार एकाच्याही मनात आला नाही?

मला स्कूटीवरून जाताना कोण काय बोलतं, पोराच्या पायाला लागलं तेव्हा रात्री दवाखान्यात कुणाच्या गाडीतनं गेले याची चौकशी कुणी केली, हे लिहायचं मनात होतं. नको. ज्यांनी केली त्यांनी हे वाचलं की त्यांना कळेल. एवढंच विचारते, तेवढ्या रात्री जागं राहून माझ्या दारावर नजर ठेवायला ज्यांना वेळ होता, त्यांना साडेचारला पोरांवर ठेवायला का नव्हता?

तुम्ही म्हणाल, बाई बोलायला लागली. आधी बोलत नव्हती. खरं आहे, तुमच्यावर भरवसा होता तोवर बोलायची गरज वाटली नाही. शहरात राहणारी माझी बहीण तेव्हा म्हणाली होती, इकडं ये, धुणीभांडी कर, पाळणाघर मिळेल. तिथं महिन्याला पैसे टाकले की पोर सहापर्यंत सांभाळतात. मी तिला म्हटलं, आमच्या गावात पैसे टाकावे लागत नाहीत, ठराव झालाय. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. मी येणार आहे. धाकटाही येईल, माझ्या मांडीवर बसेल, गोंधळ करेल, कुणी डोळे वटारू नयेत. थोरलीला मी त्या दिवशी मामाकडं पाठवणार आहे, भावाला धरून बसायला ती मिळणार नाही. वरच्या आळीतली येणार आहे, ऊसतोडीवरनं परत आलेल्या दोघी येणार आहेत.

२०२२ च्या त्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवा, आम्ही बसून ऐकू. मग वाचनालयाची किल्ली कुणाकडं आहे ते सांगा, १० टक्क्यांतनं तिथं बसणाऱ्या बाईचं मानधन किती धरणार ते सांगा, आणि विहिरीच्या पाळीचा कागद सभेपुढं ठेवा. भाऊजी, तुम्ही वाटपाचा अर्ज घेऊन या, माझी सही तयार आहे.

आणि हे सगळं ऐनवेळच्या विषयांत घेऊ नका, अण्णा. त्या वेळेपर्यंत अर्धी सभा उठून गेलेली असते, आणि मला पाचच्या आत धारेला जायचं असतं. नोटिशीत छापा, पहिला विषय म्हणून.

आपली,
तीन नंबर वॉर्डातली एक मतदार